तिकीट मुंबईपासून, हिशेब कुरुंदवाडपासून

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही. त्यामुळे कुरुंदवाडची एखादी मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली, की घरात पहिला प्रश्न येतो: विमान कुठून धरायचं? सवयीचं उत्तर मुंबई. तिथं कंपन्या अधिक, म्हणून भाडंही बहुधा कमी. पण मिरजेहून मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस जाते, तशी बंगळूरला राणी चन्नम्माही जाते. दोन्हीकडची भाडी पाहावीत, त्यात गाडीखर्च, मुक्काम आणि जादा बॅगेचे पैसे मिळवावेत, आणि मगच स्वस्त कोणतं ते ठरवावं.

एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटात हजारो रुपयांचा फरक असू शकतो. कंपन्या इकॉनॉमीतल्या जागा वेगवेगळ्या ‘बुकिंग क्लास’मध्ये वाटतात. स्वस्त क्लास भरला, की त्यावरचा महाग क्लास उरतो. अमेरिकेतली विद्यापीठं सुरू होतात त्या ऑगस्टमध्ये आणि नाताळच्या सुट्टीत स्वस्त जागा भराभर संपतात. विद्यार्थ्याच्या हाती तारीख नसते. प्रवेश आणि व्हिसा पक्का होताच त्यानं तिकीट काढावं.

लेकीकडे जाणाऱ्या आईवडिलांचं तसं नसतं. त्यांना फेब्रुवारी किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडता येतो, दोन-चार दिवस मागेपुढे करता येतात. दुबई, दोहा किंवा अबुधाबीला विमान बदलायची तयारी असेल, तर पर्याय आणखी वाढतात.

कुरुंदवाड ज्यात येतं त्या शिरोळ तालुक्यासाठी ऑगस्ट म्हणजे पुराचाही महिना. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापुरामुळे पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१मध्येही तिथं पाणी आलं. म्हणून इथल्या प्रवाशानं थोडे पैसे जास्त मोजून तारीख बदलता येणारं तिकीट घ्यावं, आणि नदी चढू लागली की दोन दिवस आधीच घर सोडावं.

सर्वांत फसवी बचत दोन सुट्या तिकिटांची. मुंबई ते लंडन एक, लंडन ते न्यूयॉर्क दुसरं, असं स्वस्त दिसतं खरं. पण पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. वाटेत बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागल्या, तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर चुकलेल्या जोडविमानाऐवजी पुढची सोय करण्याची जबाबदारी साधारणपणे कंपनीवर येते. पैसे भरण्याआधी एजंटाला हे स्पष्ट विचारून घ्यावं.