‘मर्यादित’ म्हणजे किती?

विविध कार्यकारी सेवा सोसायटीच्या पाटीवर नावाच्या शेवटी ‘मर्या.’ किंवा ‘लि.’ असे लिहिलेले असते. ‘मर्यादित’ व ‘लिमिटेड’ या विशेषणांची ही संक्षिप्त रूपे होत. ‘साठा मर्यादित आहे’ असे दुकानदार म्हणतो तेव्हा माल थोडा आहे, एवढाच अर्थ असतो. त्यावरून पाटीवरील शब्दही संस्थेचा लहानपणा सांगतो, असा समज होतो. तो खरा नव्हे. कोट्यवधींची उलाढाल करणारा सहकारी साखर कारखानाही मर्यादितच असतो. ‘लिमिटेड’ या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून तेथे ‘लिमेस’ म्हणजे शेताची हद्द, आपल्या भाषेत बांध. पाटीवर हा बांध सभासदाच्या जबाबदारीला घातलेला आहे.

पूर्वी हा बांध नव्हता. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यान्वये ग्रामीण संस्थेची जबाबदारी सामान्यतः अमर्यादित असे. जर्मनीतील रायफायझन यांच्या संस्थांचा तो कित्ता होता. संस्था बुडाल्यास तिच्या देण्यापायी सभासदाचे घरदार व शेतीवाडी अडकू शके. सभासदांनी एकमेकांच्या व्यवहारावर लक्ष ठेवावे हा हेतू चांगलाच. पण दुसऱ्याच्या कर्जापायी स्वतःची जमीन पणाला लावण्यास कोण धजावेल? १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणी समितीच्या अहवालाने मर्यादित जबाबदारीचा पुरस्कार केला.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने शंभर रुपयांचे दहा भाग घेतले व पूर्ण हजार रुपये भरले. संस्था अवसायनात निघाली तर हे हजार रुपये बुडतील. संस्थेच्या इतर देण्यासाठी त्याच्या बैलजोडीस हात लागणार नाही. पाचशेच भरले असतील, तर उरलेले पाचशे अवसायक मागू शकतो. पोटनियमांत ही मर्यादा भागांच्या काही पटही असू शकते. म्हणून ते कलम वाचून घ्यावे. ग्रामकार्यकर्त्यांनी ते सभेत मोठ्याने वाचून दाखविल्यास फारच उत्तम.

महागात पडणारी चूक मात्र निराळीच आहे. संस्था मर्यादित, म्हणून आपले कर्जही मर्यादित, असे कित्येकांस वाटते. सभासदाने साठ हजारांचे पीककर्ज उचलले असेल, तर ते व्याजासह संपूर्ण फेडावे लागते. त्यास जामीन राहणाऱ्या शेजाऱ्यासही पाटीवरील शब्दाचा आधार नाही. ज्या रकमेची हमी त्याने दिली, तेवढी त्याच्याकडून वसूल होऊ शकते. संचालकाने पैशांची अफरातफर केल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ अन्वये नुकसानीची आकारणी त्याच्यावर व्यक्तिशः होते. तेथे भागांची किंमत कोणी विचारीत नाही.

राजीनामा दिला की सुटलो, असेही नाही. सभासदत्व संपले त्या दिवशी संस्थेचे जे देणे होते, त्याबाबतची जबाबदारी पुढे दोन वर्षे राहते. सभासद मृत्यू पावल्यास त्याच्या मालमत्तेवरही ती तितकाच काळ असते.