रिठ्याचा फेंस

आमच्या घरीं रेशमी वस्त्रें व दागिने रिठ्याच्या पाण्यानें धुतात. त्या पाण्याला फेंस कसा येतो, हें आपण पाहूं.

पाण्याचे कण एकमेकांस ओढून धरतात. त्यामुळें त्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा होतो व अलगद ठेविलेली सुई त्यावर तरंगते. रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या कणाचें एक अंग शर्करेचें, पाण्याशीं सख्य करणारें. दुसरें पाण्यास टाळणारें. म्हणून हे कण पृष्ठभागीं दाटी करितात. तेथील ताण उतरतो, फेंस टिकतो, पाणी कापडांत सहज शिरतें आणि पाण्यास टाळणारें अंग तेलकट मळास धरून तो सोडवितें.

परंतु हेंच द्रव्य माशांच्या कल्ल्यांस घातक असतें. यास्तव, वाचकहो, रिठ्याचें पाणी ओढ्यांत वा तळ्यांत ओतूं नये.