छायाचित्रातील चौकट : मानखुर्द परिसराच्या आधारे रचनेची प्राथमिक तत्त्वे

चित्रकार कोऱ्या पृष्ठावर एकेक घटक मांडत जातो. छायाचित्रकारासमोर मात्र सर्व घटक आधीच उपस्थित असतात. त्यांतील कोणते वगळावयाचे हे त्यास ठरवावे लागते. या निवडीस व मांडणीस रचना असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिची प्राथमिक तत्त्वे मानखुर्द परिसरातील दृश्यांच्या आधारे स्पष्ट केली आहेत.

सर्वपरिचित तत्त्व तृतीयांश नियमाचे. जॉन थॉमस स्मिथ यांनी तो १७९७ मध्ये निसर्गचित्रांच्या संदर्भात मांडला, म्हणजे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी. दोन उभ्या व दोन आडव्या रेषांनी चौकटीचे नऊ समान भाग कल्पून मुख्य विषय त्या रेषांवर वा त्यांच्या छेदनबिंदूंवर ठेवावा, असे हा नियम सांगतो. मानखुर्दलगतच्या ठाणे खाडीस २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ओहोटीच्या वेळी तेथे चिखल उघडा पडतो व हिवाळ्यापासून रोहित पक्षी त्यावर चरताना दिसतात. अशा वेळी क्षितिजरेषा वरच्या तृतीयांशावर घ्यावी. पावसाळी ढग हा विषय असल्यास खालच्या. साध्या मोबाइलने दूरचे पक्षी कृत्रिमरीत्या मोठे करण्यापेक्षा त्यांचा गुलाबी पट्टाच रचनेचा घटक मानणे श्रेयस्कर.

दुसरे तत्त्व मार्गदर्शक रेषांचे. १९९२ मध्ये खाडीवरील रेल्वेपूल सुरू होईपर्यंत हार्बर मार्ग मानखुर्दलाच संपत असे. आज पादचारी पुलावरून पाहता वाशीच्या दिशेने निमुळते होत जाणारे रूळ नजरेस आपोआप खोलवर नेतात. मात्र त्या रेषांच्या अखेरीस पाहण्याजोगे काही नसेल, तर चित्र पोकळ वाटते.

तिसरा प्रश्न दृष्टिकोनाचा, आणि नवशिक्यांकडून सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा. देवनार कचराभूमीलगतच्या वस्तीचे चित्र उड्डाणपुलावरून घेतल्यास माणसे ठिपक्यांएवढी होऊन कचऱ्याच्या पोतात मिसळून जातात. तृतीयांश नियम तंतोतंत पाळलेला असला, तरी ही रचना सदोषच म्हणावी लागेल. सुधारक ओलवे यांनी मुंबईतील सफाई कामगारांची कृष्णधवल चित्रे काढली; त्यांत कामगार हाच विषय असतो, घाण ही त्याच्या कामाची परिस्थिती. अभ्यासकाने प्रथम संमती घ्यावी, कॅमेरा समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा व दोन पावले पुढे जावे. डोक्यामागून खांब वा तार उगवल्यासारखी दिसत असल्यास एक पाऊल बाजूस सरकणे पुरेसे असते.