फुंकेचा हिशेब

त्या सकाळी चूळ भरायला गेलो आणि पाणी तोंडात राहीना. उजव्या कोपऱ्यातून धार थेट सदऱ्यावर. झोप पुरती उतरली नसेल म्हणून दुसरा घोट घेतला, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर समोरचा माणूस अर्धाच माझ्या ओळखीचा होता. डावी बाजू माझी. उजवी कुणा थकलेल्या, कंटाळलेल्या पाहुण्याची. उजवा डोळा मिटत नव्हता, कपाळाच्या त्या अर्ध्या भागावर आठी पडत नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला सांगू लागलो, तर ‘पाणी’तला ‘प’ ओठांतून निसटून गेला.

“अहो, सकाळी सकाळी तोंड वाकडं करून काय बोलताय?” ती म्हणाली. मी काहीच करत नव्हतो.

तासाभरात आम्ही मिरजेला डॉक्टरांपुढे बसलो होतो. त्यांनी कपाळाला आठ्या घालायला लावल्या, डोळे घट्ट मिटायला सांगितलं, गाल फुगवायला सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “आता शीळ घाला.” शीळ कुठली! ओठांतून नुसता फस्स असा वारा गेला. हा आवाज मात्र माझ्या चांगलाच परिचयाचा होता. गेली तीन वर्षं मी बासरीतून तोच काढत होतो.

आजाराचं नाव बेल्स पाल्सी. एकोणिसाव्या शतकातल्या चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याचं नाव त्याला मिळालं आहे. चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूला सूज येते आणि अर्धा चेहरा रजेवर जातो. मेंदूतल्या पक्षाघातात बहुधा कपाळ वाचतं, यात कपाळही जातं. पण हा फरक घरी बसून करायचा नाही, तडक दवाखाना गाठायचा. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर त्याचा गुण चांगला येतो. बहुतेक माणसं काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत सुधारतात, असं डॉक्टरांनी धीर देत सांगितलं. मी विचारलं, “आणि बासरी?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “वाजवता?” “शिकतोय.” “मग सध्या शिकणं थांबवा.”

आमच्याकडे या दुखण्याला ‘तोंडावरनं वारं गेलं’ म्हणतात. गल्लीतून फिरायला निघालो की कुणीतरी विचारायचंच, “काय ओ साहेब, वारं गेलं म्हणं तोंडावरनं?” जयसिंगपूर शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं, आखीव गाव. सरळ रस्ते, नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. या आखीवपणाचा माझ्यासारख्या बँकवाल्याला एरवी आनंदच होतो, पण अशा गावात एका गल्लीतली बातमी दुसऱ्या गल्लीत पोचायलाही वळणं घ्यावी लागत नाहीत.

बासरी मी निवृत्तीनंतर दुसऱ्या महिन्यात आणली. आता भरपूर लिहा, असं सगळे म्हणत होते. पण दिवसा बँकेचे कागद आणि रात्री कादंबरीचे, असं आयुष्य काढल्यावर कागदाचाच कंटाळा आला होता. लहानपणी नरसोबाच्या वाडीच्या जत्रेत घेतलेली रंगीत बासरी दोन दिवसांत बहिणीनं मोडली होती. ती बाकी मनात राहून गेली असावी. (जत्रेतल्या बासऱ्या मुलांना जरूर घेऊन द्याव्यात, पण शिकायला नव्हे. त्यातल्या बऱ्याच मुळातच बेसूर असतात आणि मूल बिचारं स्वतःला दोष देतं.)

शिकवणारे सर मिरजेचे. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे, शाळेत गणित शिकवतात. मला ‘काका’ म्हणतात, आणि माझं काही फारच चुकलं की ‘काका’ म्हणण्यापूर्वी थोडं थांबतात. दर रविवारी सकाळची पॅसेंजर धरायची. अंकलीजवळ कृष्णा ओलांडली की मिरज येतंच. मिरज हे सतार-तंबोऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बासरीचा बांबू मात्र आपल्याकडचा चालत नाही. लांब पेरांचा, पातळ सालीचा बांबू आसामकडून येतो.

माझी बासरी पांढरी तीनची. वरची तीन छिद्रं झाकली की षड्ज, सहाही झाकली की मंद्र पंचम. तीन वर्षांत बोटं बरी फिरू लागली होती. भूप वाजवायचो, यमनात हिंडायचो. पण आवाज! प्रत्येक स्वराभोवती फुसफुस. कुकरची शिटी होण्याआधी वाफ निघते तशी. फुंक कमी पडते अशी माझी समजूत, म्हणून मी जोर लावायचो. जोर लावला की मंद्र पंचम टुणकन वरच्या सप्तकात उडी मारायचा आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

बासरीत हवा भरायची असते असं आपल्याला वाटतं, फुग्यात भरतात तशी. तसं ते नाही. ओठांच्या फटीतून हवेची एक पातळ पट्टी निघते आणि फुंकेच्या भोकाच्या पलीकडच्या कडेवर जाऊन पडते. त्या कडेवर ती क्षणात आत वळते, क्षणात बाहेर. माझ्या बासरीच्या मंद्र पंचमाला हे आतबाहेर सेकंदाला सुमारे २४७ वेळा होतं, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा स्वर. पट्टी जाड झाली किंवा कड चुकली की उरलेली हवा कामाविना फुसफुसत निघून जाते. म्हणजे फुसफुस हे हवा कमी पडल्याचं लक्षण नव्हे, वाया गेल्याचं. हे सरांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. बँकेतल्या माणसाला नोंद झाली की काम झालं असं वाटतं.

आजारात बासरी कापडी पिशवीत घालून कपाटावर ठेवली. डोळ्यात थेंब, रात्री पापणी चिकटपट्टीनं बंद, ठरावीक दिवस गोळ्या. भेटायला आलेल्या एका स्नेह्यानं आठवण करून दिली, की आपल्या शिरोळ तालुक्यातच, कुरुंदवाडला १८७२ साली विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्यानं त्यांचे डोळे अधू झाले आणि म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. संकटातून असं काही निघतं, हे त्याला सांगायचं होतं. मला दिलासा वाटला नाही. पलुस्कर तेव्हा पोरसवदा होते. माझी साठी उलटलेली. या वयात तीन वर्षं बुडीत खात्यात टाकणं ही लहान रक्कम नाही. हे मी कुणाला बोललो नाही, बोलायला ओठही नीट साथ देत नव्हते.

सर आले ते एका संध्याकाळी, शाळेतूनच. त्यांनी पलुस्करांचं नाव काढलं नाही. म्हणाले, “काका, हरिप्रसादजींनी धडधाकट ओठ असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती.”

ही हकीकत बासरीच्या जगात प्रसिद्ध आहे. हरिप्रसाद चौरसिया १९५७ साली कटकच्या आकाशवाणीवर लागले, मग मुंबईला आले, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात त्यांचं नाव झालं. अशा वेळी ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. आधीचं सगळं विसरून नव्यानं शिकायची तयारी आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी हातच बदलले. उजवीकडे धरायची बासरी डावीकडे धरू लागले. नुसती बोटं बदलली असं आपल्याला वाटतं. पण बासरी दुसऱ्या खांद्याकडे गेली की ओठांचा सगळा हिशेब उलटा होतो. कोपरे, फट, फुंकेचा कोन, कशाचीच जुनी सवय कामाला येत नाही. नावारूपाला आलेल्या माणसानं आपण होऊन पुन्हा फस्स करायचं.

मला लगेच कल्पना सुचली. माझी डावी बाजू शाबूत आहे, मग मीही डावीकडे धरू का? सर थांबले. “काका, बासरी कुठल्याही खांद्याकडे न्या, भोक मधोमधच येतं.”

मग बोलणं पन्नालाल घोषांकडे वळलं. १९४० मध्ये मुंबईला आलेला हा बंगाली माणूस. त्यांच्या आधी बासरी म्हणजे लोकगीतांचं, साथीचं लहान वाद्य. ख्यालाचा गंभीरपणा आणण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या लांबीच्या, निरनिराळ्या वस्तूंच्या नळ्या करून पाहिल्या आणि अखेर बत्तीसेक इंचांच्या बांबूवर स्थिरावले. नळी लांब, भोकं लांब लांब, स्वर खोल. पन्नालालबाबू तरुणपणी मुष्टियोद्धे होते. हरिप्रसादजींचे वडील पैलवान, त्यांनी पोरालाही तालमीत घातलं होतं. आम्हा कोल्हापूरकडच्या लोकांना ही माहिती भारीच आवडते. पण गंमत अशी, की छाती कितीही कमावलेली असो, शेवटचा व्यवहार ओठांभोवतीच्या एका लहानशा गोल स्नायूच्या हाती असतो. साहेबानं काहीही ठरवलं तरी पैसे कॅशियरच्याच खिडकीतून बाहेर पडायचे.

चौथ्या आठवड्यात उजव्या कोपऱ्यात जरा हालचाल जाणवू लागली. डॉक्टरांनी आरशासमोर करायचे व्यायाम दिले होते: ओठांचा चंबू, ‘उ’, ‘ओ’, हलकी फुंक. सरांनी ते पाहिले आणि हसले. हेच त्यांनी मला तीन वर्षांपूर्वी दिलं होतं. त्यात त्यांनी एकाची भर घातली. तळहात तोंडासमोर धरायचा. चष्म्याची काच पुसताना आपण ‘हा’ करतो तो श्वास गरम आणि पसरट. चहा निववताना घालतो ती फुंक थंड आणि बारीक. बासरीला गळा ‘हा’चा मोकळा हवा आणि ओठ चहाचे. दोन्ही एकाच वेळी. मी पंधरा दिवस तळहातावर फुंकत बसलो. पत्नीला वाटलं असावं, आजार डोक्यात गेला.

सहाव्या आठवड्यात बासरी खाली काढली. छिद्रांवर बोटं ठेवायची नाहीत, नुसता मोकळा स्वर. काहीच येईना. ओठात ताकदच नव्हती, जोर लावायचा म्हटलं तरी लागत नव्हता. आणि तिथेच काहीतरी बदललं. पूर्वी मी फोटोसाठी हसावं तसे दोन्ही कोपरे ताणून धरायचो. आता उजवा ताणलाच जात नव्हता, म्हणून तोंड सरळ ठेवायला डावाही सैल सोडावा लागला. खालचा ओठ भोकाच्या कडेवर नुसता टेकला. जेमतेम फुंक. बासरी सुताभर आत फिरवली, मग बाहेर, मग पुन्हा किंचित आत. एका जागी स्वर आला. लहान होता, पण त्याच्याभोवती वाफ नव्हती. मी दचकून ओठ हलवले आणि जागा गेली. ती पुन्हा सापडायला चार दिवस लागले.

त्यानंतर रोज पहाटे तेवढंच. एक एक बोट ठेवत खाली यायचं आणि प्रत्येक स्वर श्वास संपेपर्यंत धरायचा. गवई खर्ज भरतात तसा. राग नाही, ताना नाहीत. पूर्वी मंद्र पंचम मला मनातल्या मोजणीनं सहापर्यंत टिकायचा. आता अकरापर्यंत जाऊ लागला, आणि छाती मात्र तीच. वाया जाणारं वाचलं, इतकंच.

एकदा मधेच तो पंचम पुन्हा बिघडला. दोन आठवडे मी ओठांना दोष देत होतो, आजार उलटला की काय या धास्तीत होतो. सरांनी वाकून पाहिलं. उजव्या हाताची अनामिका शेवटच्या छिद्राच्या कडेवरून केसभर सरकली होती, हवा तिथून गळत होती. बँकेत वर्षअखेरीला दहा पैशांचा फरक ज्या लेजरमध्ये रात्रभर शोधावा, तो निघायचा दुसऱ्याच लेजरमध्ये. शिकणाऱ्यांनी खालचा स्वर बसेना झाला की आधी बोटं तपासावीत.

त्या सुमारास एका सकाळी पत्नी चहा घेऊन आली आणि म्हणाली, “हल्ली तो वाफेचा आवाज येत नाही.”

“तो तुला ऐकू यायचा?”

“गल्लीला ऐकू यायचा.”

“मग तीन वर्षं बोलली का नाहीस?”

तिनं कप ठेवला. “बँकेतून सुटल्यावर पहिल्यांदाच काहीतरी आवडीनं करत होतात. म्हटलं, करू देत.”

यावर मला काही सुचलं नाही. चहा पीत बसलो. उजव्या कोपऱ्यातून थेंबभर तेव्हाही निसटला.

आता वर्ष होत आलं. हसलो की उजवी बाजू क्षणभर उशिरा पोचते. नातवाला त्याची मजा वाटते. ओठांची फट मधोमध राहिलेली नाही, केसभर डावीकडे सरकली आहे. सरांनी ती तशीच राहू दिली. बऱ्याच चांगल्या वादकांची फट मधोमध नसते, म्हणाले. थंडीत बासरी उतरते, म्हणून वाजवण्याआधी नुसता श्वास सोडून ती कोमट करून घेतो. महिन्यातून एकदा मोहरीचं तेल लावतो.

तार सप्तकाचं मात्र अजून जमत नाही. तिथे जोर नको, फट आणखी बारीक आणि ओठ कडेच्या जरा जवळ हवेत, हे सगळं वहीत आहे. पण वरचा पंचम आला की जुनी सवय जागी होते, कोपरे ताणले जातात आणि स्वर फाटतो. परवा सर ऐकून थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “काका, पावसाळ्यानंतर बघू. तोवर खालचेच.”