लवळ्याच्या जमिनीविषयी: सातबारा, झोन आणि परवानगी यांची गल्लत

लवळे आजही ग्रामपंचायतीचं गाव आहे. शेजारचं सूस आणि बावधन बुद्रुक ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेली, लवळे हद्दीबाहेर राहिलं. डोंगरावर सिंबायोसिसचं विद्यापीठ, गावाच्या हद्दीत फ्लेम विद्यापीठ, जवळ पिरंगुटचे कारखाने. त्यामुळे इथल्या जमिनीला गिऱ्हाइकांची कमी नाही. पण व्यवहार होतात ते बहुतेक ऐकीव माहितीवर. त्याच माहितीवर शेतकरी वडिलोपार्जित रान विकतो आणि नोकरदार माणूस आयुष्याची पुंजी दोन गुंठ्यांत घालतो. यात नुकसान होतं ते नेहमी या दोघांचंच. म्हणून गावात, एजंटांच्या तोंडी आणि जाहिरातींत वारंवार भेटणारे काही समज इथे तपासून पाहिले आहेत.

गैरसमज: जमीन एनए आहे, आता काहीही बांधता येईल.

एनए, म्हणजे अकृषिक वापर, हा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतला विषय. जमिनीवर काय उभं राहू शकतं, हे ठरवणारा कायदा वेगळा आहे: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. दोन्ही १९६६ चेच, पण कामं निराळी. पहिला जमिनीची नोंद आणि महसूल पाहतो, दुसरा तिचा वापर ठरवतो. सातबाऱ्यावर कब्जेदाराचं नाव, क्षेत्र, पीक, बोजा हे सगळं दिसतं. झोन, म्हणजे आराखड्यात ठरवलेला जमिनीचा वापर, दिसत नाही. तो हवा असेल तर गट नंबर देऊन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून (पीएमआरडीए) झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा लागतो.

२०१४ आणि २०१७ मध्ये संहितेत झालेल्या दुरुस्त्यांनंतर अनेक ठिकाणी एनएची स्वतंत्र परवानगी घेण्याची गरजच उरली नाही. जाहिरातीत या दोन अक्षरांना आजही जे वजन दिलं जातं, तितकं वजन कायद्यात राहिलेलं नाही. प्लॉट पाहायला जाणाऱ्याने ‘एनए आहे का’ याआधी ‘झोन कोणता आणि मंजूर अभिन्यास (लेआउट) कुठे आहे’ हे विचारावं.

‘गावठाणापासून २०० मीटरच्या आत परवानगीच लागत नाही’ हा समजही याच घरातला. संहितेतल्या तरतुदीने त्या पट्ट्यातल्या जमिनीला एनएचा वेगळा अर्ज करावा लागत नाही, इतकंच. बांधकाम परवानगी लागतेच. आणि ते २०० मीटर गावठाणाच्या नकाशावरच्या हद्दीपासून मोजायचे असतात, वस्तीतल्या शेवटच्या घरापासून नाही. गेल्या वीस-तीस वर्षांत घरं हद्दीच्या कितीतरी पुढे गेली आहेत, त्यामुळे हा फरक लहान राहत नाही.

गैरसमज: १९९७ चा आराखडा जुना झाला, त्याची मुदत संपली.

पुणे जिल्ह्याची प्रादेशिक योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. वीस वर्षांनी ती आपोआप बाद झाली असं अनेकांना वाटतं. आराखड्याचा वेळोवेळी फेरविचार व्हावा ही अपेक्षा बरोबर आहे, पण नवा आराखडा मंजूर होऊन लागू होईपर्यंत जुनाच चालू राहतो.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याने २०२१ मध्ये आपल्या हद्दीतल्या आठशेहून अधिक गावांसाठी प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो प्रारूप रद्द केला. मधल्या चार वर्षांत त्या नकाशावरचे पिवळे निवासी पट्टे दाखवून झालेल्या व्यवहारांचं काय? प्रारूप हा केवळ प्रस्ताव असतो. तो रद्द झाला की त्यातला पिवळा रंगही गेला आणि त्यातलं आरक्षणही गेलं. उरली ती १९९७ ची प्रादेशिक योजना आणि तिच्यासोबत डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली.

गैरसमज: शेती झोनमध्ये फक्त शेतीच करता येते.

हा समज लवळ्यात जास्त टोचतो, कारण समोर डोंगरावर विद्यापीठ दिसतं आणि ‘त्यांना जमतं, मग आम्हाला का नाही?’ हा प्रश्न मनात येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नियमावलीतच आहे. शेती विभागात शैक्षणिक संस्था, रुग्णालयं, शीतगृहं, कुक्कुटपालन असे बरेच वापर अटींसह चालतात, फक्त चटई क्षेत्र कमी मिळतं. घरांच्या प्लॉटची वसाहत ही मात्र वेगळी गोष्ट आहे. शेतघर बांधायचं तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ एकरभर जमीन लागते. त्यामुळे पाच किंवा अकरा गुंठ्यांचा ‘फार्महाऊस प्लॉट’ शेती झोनमध्ये विकायला काढलेला असेल, तर त्यावर शेतघराची परवानगी मिळण्याचा मार्ग नसतो. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो.

गैरसमज: ग्रामपंचायत घरपट्टी घेते, म्हणजे घर कायदेशीर.

नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. त्या जागी इमारत आहे आणि कर अमुक माणूस भरतो, एवढंच तो सांगतो. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि परवानगीही मिळत नाही. वीज मीटर आणि दस्तनोंदणी यांचंही तेच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, झोन तपासून देत नाही. पीएमआरडीएच्या हद्दीत बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र देणारी यंत्रणा पीएमआरडीए आहे. प्लॉटिंगचं एकूण क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि प्लॉटही आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराची नोंदणीही आवश्यक आहे, आणि ती घरबसल्या तपासता येते.

गैरसमज: डोंगर माझ्या नावावर आहे, रॉयल्टी भरली आहे, सपाट करायला हरकत काय?

सगळ्यात घातक समज हा. लवळे ज्यात येतं त्या मुळशी तालुक्यात रस्त्याच्या कडेला लाल माती उघडी पडलेले डोंगरउतार कुणीही पाहू शकतो. गौण खनिजाची रॉयल्टी ही काढलेल्या माती-मुरमाची सरकारला दिलेली किंमत असते. ती पावती डोंगर कापण्याची नियोजन परवानगी ठरत नाही. नगररचना अधिनियमात ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत इमारतीबरोबर जमिनीवर आणि जमिनीखाली होणारं खोदकामही येतं. एकही वीट रचली नाही तरी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. आणि १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर चालताना एक मीटरपेक्षा जास्त चढ लागतो अशा जागी, नियमावली बांधकामाला मनाई करते. सातबारा कुणाच्याही नावावर असो.

ही मनाई केवळ हिरवाईसाठी नाही. जून २०१३ मध्ये पुणे-सातारा रस्त्यावर जुन्या कात्रज बोगद्याजवळ, शिंदेवाडीच्या हद्दीत डोंगर फोडलेला होता आणि पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजल्या होत्या. पावसाचा लोंढा थेट महामार्गावर आला आणि एक आई व तिची लहानगी मुलगी त्यात वाहून गेल्या. डोंगर फोडणारा एक असतो, पाणी उतरतं ते दुसऱ्याच्या अंगावर. लवळ्यात डोंगराच्या पायथ्याला वस्ती आहे, विहिरी आहेत, शेतं आहेत. उतारावरची माती आणि झाडी पाणी मुरवते, म्हणून खालच्या विहिरी उन्हाळ्यापर्यंत टिकतात. उताराच्या झोनवर ग्रामसभेत जेव्हा बोलणं होतं, तेव्हा पायथ्याच्या शेतकऱ्याचं म्हणणं जमीनमालकाच्या म्हणण्याइतकंच ऐकलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज: ग्रामसभेने ठराव केला की झोन बदलतो, नाहीतर सगळं वरच ठरतं, आपण काय करणार?

दोन टोकांचे समज, दोन्ही चुकीचे. प्रादेशिक योजनेतला झोन बदलण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे, आणि तोही जाहीर सूचना काढून, हरकती मागवून. ग्रामसभेच्या ठरावाने झोन बदलत नाही. पण हरकतीला जोडलेला ठराव सुनावणीत वजनदार ठरतो. हजारो लोकांनी लेखी हरकती घेतल्या नसत्या, तर २०२१ च्या प्रारूपावर इतके प्रश्न उभे राहिले नसते.

प्रारूप विकास आराखड्यावर हरकतीसाठी कायद्याने ३० दिवस मिळतात. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर नियोजन समितीला काही ठरवता येत नाही. अर्जात गट नंबर हवा, भाग नकाशा जोडलेला हवा, जागेवरची वस्तुस्थिती (विहीर, ओढा, जुना रस्ता, घरं) दाखवणारा मोजणी नकाशा किंवा फोटो हवेत, आरक्षण हलवायचं असेल तर पर्यायी जागा सुचवलेली हवी, आणि प्रत्यक्ष सुनावणीची मागणी स्पष्ट लिहिलेली हवी. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. लवळ्यासाठी पुढचा आराखडा कधीतरी येणारच आहे, आणि मोजणीला महिने लागतात. तेव्हा तीस दिवसांची सूचना निघण्याची वाट न पाहता ज्याने त्याने आपल्या गटाचा झोन दाखला आणि मोजणी नकाशा आताच काढून ठेवावा.