दाब उतरतो, मोटार जळते

भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धान घेणाऱ्या गावांत मार्च-एप्रिलच्या सुमारास एक तक्रार हमखास कानावर येते : "लाइन डीम होती, मोटार जळली." आपण ती ऐकतो आणि सोडून देतो. पण क्षणभर विचार करा. विजेचा दाब कमी झाला तर प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी तर उष्णताही कमी, असे आपण पुस्तकात शिकतो. मग मोटार जळते कशी? हा प्रश्न निव्वळ परीक्षेचा नाही. मोटारीला नवे वाइंडिंग भरून मिळेपर्यंत बांधीतले पाणी आटते, जमिनीला भेगा पडतात आणि पीक हातचे जाते.

हिशेबाला लागणारी सूत्रे तीनच आहेत. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. पहिले सूत्र गेओर्ग ओहम या जर्मन शाळामास्तरांचे. त्यांनी ते १८२७ साली पुस्तकरूपाने मांडले. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे तिसरे सूत्र इंग्लंडच्या जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केले. आपल्या गोष्टीत खरा चोर या 'वर्गा'तच दडलेला आहे.

आधी सोपे उदाहरण घेऊ. विजेच्या शेगडीवर '२३० व्होल्ट, १००० वॅट' असे लिहिलेले असते. १००० ला २३० ने भागा : प्रवाह ४.३५ अँपिअर. आता २३० ला ४.३५ ने भागा : रोध सुमारे ५३ ओहम. संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर आला, तर प्रवाह १८० भागिले ५३, म्हणजे ३.४ अँपिअर, आणि शक्ती १८० गुणिले ३.४, म्हणजे सुमारे ६१२ वॅट. दाब पाऊणपटीहून थोडा अधिक राहिला, पण शक्ती तीनपंचमांशावर आली. चहा उशिरा होईल, शेगडीला मात्र काही होणार नाही. (तारेचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो. शेगडीत हा फरक थोडा असतो. जुन्या १०० वॅटच्या दिव्यात मात्र पेटलेल्या तारेचा रोध ५२९ ओहम, आणि थंड तारेचा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी! असे दिवे बहुधा बटण दाबतानाच का जात, ते यावरून ओळखा.)

आता मोटारीकडे वळू. एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप घ्या आणि त्याच्या मुख्य वेटोळ्याचा रोध ३ ओहम धरा. ओहमच्या नियमाने प्रवाह २३० भागिले ३, म्हणजे सुमारे ७७ अँपिअर यायला हवा. प्रत्यक्षात चालू पंप सातएक अँपिअरच घेतो. नियम चुकला का? नाही. मोटारीतले सतत बदलणारे चुंबकत्व त्याच वेटोळ्यात उलट दाब उत्पन्न करते. बाहेरच्या दाबाला हा उलट दाब बराचसा थोपवून धरतो आणि प्रवाहाला लगाम बसतो. म्हणजे मोटार ही शेगडीसारखी नुसती तार नव्हे.

शिवाय मोटारीवर काम सोपवलेले असते. विहिरीतले पाणी ठरावीक उंचीवर चढवायचेच आहे. दाब उतरला तरी फिरण्याचा वेग फारसा घटत नाही, त्यामुळे कामाला लागणारी शक्ती जवळजवळ तेवढीच राहते. मोटारीत दाब आणि प्रवाह एकाच क्षणी शिगेला पोहोचत नाहीत, म्हणून त्यांच्या गुणाकाराला शक्तिगुणकाने गुणावे लागते, तो ०.८ धरू. २३० × ७ × ०.८ म्हणजे सुमारे १,२९० वॅट. यांतले ७४६ वॅट, म्हणजे एक अश्वशक्ती, दांड्याला मिळतात. बाकीचे उष्णतेत जातात. आता दाब १८४ व्होल्ट झाला. तेवढीच शक्ती हवी, तर प्रवाह ८.७५ अँपिअर व्हायला हवा. वेटोळ्यातली उष्णता पूर्वी ७ × ७ × ३, म्हणजे १४७ वॅट होती; आता ती ८.७५ × ८.७५ × ३, म्हणजे २३० वॅट झाली. दाब वीस टक्के उतरला आणि उष्णता छपन्न टक्के वाढली! तांब्याच्या तारेवरचा इनॅमलचा पातळ थर हे तासन्तास सोसू शकत नाही. तो करपला की वेढे एकमेकांना चिकटतात आणि मोटार जळते.

दाब उतरण्याचा सगळा दोष वीज कंपनीला देण्याआधी खांबापासून पंपापर्यंतची तार पाहा. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार धुऱ्यावरून दोनशे मीटर नेली, तर जाऊन-येऊन चारशे मीटर होते आणि तिचा रोध सुमारे साडेचार ओहम भरतो. सात अँपिअरला या तारेतच सुमारे ३१ व्होल्ट खर्ची पडतात आणि २२० वॅट हवा तापवण्यात जातात. खांबावर पुरते २३० व्होल्ट असले, तरी पंपापाशी दोनशेच्या आसपासच उरतात. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर हा तोटा १३ व्होल्टवर येतो. जाड तार महाग पडते हे खरे, पण मोटार पुन्हा भरून घेणे स्वस्त पडते असे मला तरी वाटत नाही.

सुरू होण्याच्या क्षणी तर मोटार नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह घेते. वीज येताच पंप आपोआप चालू करणारा 'ऑटोस्विच' अनेकांनी बसवलेला असतो. आता शेतातल्या डीपीवरचा ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पाहा. तो प्रत्येक फेजवर सुमारे ८५ अँपिअर देऊ शकतो. त्यावर तीन अश्वशक्तीचे, थ्री फेजवर चालणारे पंधरा पंप आहेत असे समजा. प्रत्येकी पाच अँपिअर धरले तर ७५ अँपिअर होतात, आणि सगळे निभते. पण गेलेली वीज परत आली आणि पंधराही पंप एकदम सुरू झाले, तर मागणी पाचपटीने ३७५ अँपिअरवर जाते. दाब कोसळतो. मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून दाब निम्मा झाला की पीळ चौथाईच उरतो. मोटारी नुसत्या गुणगुणतात, फिरत नाहीत. आणि फिरत नाहीत तोवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह घेतच राहतात. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले अशा वेळी पुरवठा तोडतो. 'सारखा ट्रिप होतो' म्हणून तो काढून टाकलेला असेल, तर तोडणारे कोणीच उरत नाही.