चिरा कापताना ग्राइंडरचा गार्ड का काढू नये?

रत्नागिरीत घर बांधायचं म्हटलं की जांभ्याचे चिरे आलेच. चिरा मापात बसवायला हातात येतो 4 इंची ग्राइंडर. पण त्याची चकती दगडात जेमतेम इंचभर जाते. मग साइटवर कुणीतरी सुचवतं, "गार्ड काढ, 7 इंची चकती लाव." भोक जुळत नाही, तरी बुश घालून जुळवतात. चालतं की! मग बिघडतं कुठे?

जरा हिशोब करू. छोटा ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. 100 मिमी चकतीची कड तेव्हा सेकंदाला 58 मीटर, म्हणजे ताशी 200 किमीच्या वर पळते. त्याच यंत्रावर 180 मिमी चकती लावली तर वेग होतो 104 मीटर. अशा चकत्यांवर बहुधा 80 मीटरची मर्यादा छापलेली असते. वेग 1.3 पट झाला, पण चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 1.7 पट! आणि ती फुटलीच, तर तुकडे अडवणारा गार्ड आपणच काढून ठेवलेला असतो.

मग करायचं काय? चिऱ्याला चारही बाजूंनी खाच पाडा आणि छन्नी-हातोड्याने तोडा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकाननने 1807 च्या पुस्तकात मलबारच्या जांभ्याबद्दल हेच नोंदवलं होतं. म्हणून जमेल तेवढं तासकाम चिरा ताजा असतानाच उरका.

चकती दगडाची, म्हणजे डायमंडचीच घ्या. लाकडाची दातेरी चकती ग्राइंडरला कधीच लावू नका. दाता अडकला की यंत्र झटक्यात अंगावर येतं. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि धुळीसाठी रुमाल नव्हे, नीट बसणारा मास्क.

आता आपला पाऊस. ओल्या जागी साधा ग्राइंडर चालवूच नका. एरवीही लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. साधा फ्यूज एवढ्याशा करंटला हलतही नाही.

उद्या साइटवर गेलात तर दोन आकडे वाचा: यंत्रावरचे फेरे आणि चकतीवरचे कमाल फेरे. चकतीवरचा आकडा कमी असेल, तर ती चकती त्या यंत्राची नाही.